चहाची पारख रंगावरून नको

आपल्या इच्छापुरात केळीच्या कटाईच्या दिवसांत बांधावर किटलीतून जो चहा येतो, तो काळपट लाल आणि उकळून उकळून दाट झालेला असतो. त्यालाच आपण ‘कडक’ म्हणतो. मीही तसेच म्हणत आलो.

मागच्या हिवाळ्यात एका पाहुण्याने टी-बॅगचा, म्हणजे दोरा बांधलेल्या चहाच्या पुड्यांचा, डबा दिला. मी एक पुडी कोमट दुधात मिनिटभर बुचकळली. फिका रंग पाहून ‘हा कसला चहा!’ म्हणत डबा फळीवर टाकून दिला.

नंतर मलाच ते पटेना. व्यापारी सालीवरचा डाग दाखवून केळीचा भाव पाडतो, तेव्हा आपल्याला राग येतो. आतला गर त्याने चाखलेला नसतो. मीही चहाचा निवाडा तसाच केला होता.

चहा चाखण्याची एक आंतरराष्ट्रीय मानक रीत १९८० साली ठरली आहे. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा घ्यावा आणि ६ मिनिटे झाकून ठेवावा. पुडीत साधारण २ ग्रॅमच चहा असतो, तेव्हा माप आयतेच मिळते. मी दोन पेले मांडले. एकात पुडी टाकली. दुसऱ्यात बाजारातून सुटा आणलेला, मला फार आवडणारा ‘कडक’ चहा तेवढाच टाकला. दूध नाही, साखर नाही.

आधी रंग पाहावा. तो तांबूस आणि चमकदार हवा, मातकट नको. मग ओल्या पत्तीचा वास घ्यावा. कुबट किंवा धुरकट वास वाईट. शेवटी घोट सुर्रकन ओढून तोंडभर फिरवावा. चांगला चहा हिरड्यांना तरतरीत तुरटपणा देतो. नुसता कडवटपणा म्हणजे कडकपणा नव्हे.

पुडीचा चहा चमकदार निघाला, तुरटपणाही ठीक होता, वास मात्र बेताचा. पुडीत बहुधा बारीक चुरा आणि भुकटी असते. बारीक कणांतून रंग झटकन उतरतो, पण त्यांचा सुवासही लवकर उडतो. बाजारचा चहा रंगाने गडद होता, पण वास नाही आणि चवही नाही!

मग मी ती पत्ती ओल्या टिपकागदावर पसरली. लगेच काळपट तपकिरी डाग उमटले आणि कागद नळाखाली धुतला तरी गेले नाहीत. ही रंग लावलेल्या चहाची खूण आहे. शुद्ध पत्तीचे असे डाग राहत नाहीत. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. वर्षभर मी चहाची नव्हे, रंगाची तारीफ करीत होतो, आणि घरी आलेल्यांनाही तोच पाजत होतो.

तेव्हा माझे मत असे. रंगावर भुलून सुटा चहा घेऊ नये. बंद पाकीट घ्यावे आणि त्यावर परवाना क्रमांक व तारीख पाहावी. पुडी वाईट नाही. प्रवासात किंवा एकट्या माणसाला ती सोयीची आहे. पण २५ पुड्यांत चहा सुमारे ५० ग्रॅमच असतो. किंमत ग्रॅमने भागून पाहिली की सोयीचे किती पैसे मोजतो ते कळते. मोठ्या घराला साधे पाकीटच बरे. पुडी घ्यायची तर कागदाची घ्यावी. प्लॅस्टिकच्या जाळीची पुडी गरम पाण्यात अतिसूक्ष्म कण सोडते, असे २०१९ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. लोखंडी पिन लावलेली पुडीही नको. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्येच अशा पिनांविरुद्ध आदेश काढला आहे.

आणखी एक. चहा कितीही उत्तम असला तरी तो जेवणाबरोबर घेऊ नये. त्यातील तुरट द्रव्ये भाजी-भाकरीतले लोह अंगी लागू देत नाहीत. शेतात राबणाऱ्या आपल्या आयाबहिणींना रक्त कमी असल्याचे डॉक्टर वारंवार सांगतात, आणि त्याच बायका भाकरीसोबत चहा पितात. मध्ये तासभर जाऊ द्यावा.

या आठवड्यात घरातला चहा एकदा दूध-साखरेवाचून चाखून पाहा. मातीची मूठ हातात घेऊन वाफसा ओळखणाऱ्याला ही पारख अवघड नाही.