घट्टे घासण्याआधी मापाचे बूट द्या!

गेल्या महिन्यात कर्मचारी हितनिधीच्या बैठकीपुढे एक प्रस्ताव आला. ट्रॅक मेंटेनर बंधू-भगिनींसाठी दोन दिवसांचे शिबिर भरवावे, शहरातून ब्यूटी पार्लरचे पथक बोलवावे आणि विजेच्या मशीनने 'ड्राय पेडिक्युअर' करून सर्वांचे पाय मऊ व घट्टेमुक्त करून द्यावेत. सोबत रंगीत पत्रक होते. त्यावरची गुलाबी टाच जन्मात कधी खडीवर पडली नसावी. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. आम्ही त्याला विरोध केला, आणि बाहेर आल्यावर आमच्याच काही सहकाऱ्यांनी 'युनियनला कामगाराचे जरा काही चांगले झालेले बघवत नाही' असा शेरा मारला. म्हणून हा खुलासा. खुलासा म्हणजे माफी नव्हे.

आधी हे मशीन काय आहे ते समजून घ्यावे. पाय पाण्यात भिजवायचे नाहीत. कोरड्या कातडीवरच पेनासारख्या हँडपीसमध्ये फिरणारा बिट किंवा सँडपेपरची टोपी टेकवायची. मिनिटाला हजारो फेरे होतात आणि टाचेवरची जाड कातडी पिठासारखी उडते. कोरडे काम करण्यामागे कारण आहे. भिजलेली कातडी सगळी सारखीच पांढरी, फुगलेली दिसते. मेलेली कुठे संपते आणि जिवंत कुठे सुरू होते ते कळत नाही. कोरड्या कातडीवर ते कळते. शिवाय टबाचा धोका टळतो. २००० साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील एका नेल सलूनमध्ये पाय बुडवण्याच्या टबांतून शंभरावर ग्राहकांच्या पायांना जंतुसंसर्ग होऊन गळवे झाली होती. टबाच्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साठला होता. तेव्हा जाणकार हातात, निर्जंतुक केलेल्या बिटाने हे काम होत असेल तर त्यात पाप नाही. कोणाच्या घरच्या लेकी-सुनांनी लग्नकार्याआधी टाचा घासून घेतल्या म्हणून युनियनचे पोट दुखण्याचे कारण नाही.

आमचे भांडण वेगळे आहे. घट्टा हा रोग नाही. जिथे सतत दाब आणि घर्षण होते तिथे कातडी स्वतःला जाड करून घेते. ब्रॉडगेजवर किलोमीटरला १६६० स्लीपर, म्हणजे साठ सेंटिमीटरला एक. ज्याने चालून पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की हे अंतर माणसाच्या पावलाला ना एक पुरते, ना दीड. मग पाऊल खडीत पडते. ही खडी वीस ते पासष्ट मिलिमीटरची, मुद्दाम कोनेदार फोडलेली, कारण गोल दगड एकमेकांत अडकून लाईन धरून ठेवत नाही. जी धार लाईन धरते तीच तळवा फोडते. कीमन एका रुळाने जातो, दुसऱ्या रुळाने परततो. खांद्यावर हातोडा, पाना, झेंड्या. हे वर्षानुवर्षे करणाऱ्याच्या पायाला घट्टे पडणार नाहीत तर काय? मशीनने आज काढाल. दाब तोच राहिला तर काही आठवड्यांत ते परत येतील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आणि नुसते परत आले तरी बरे म्हणायचे. आमच्या एका शाखेतील कीमनने मुलीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये हे करून घेतले. घरातल्यांनी हौसेने नेले होते. टाचा खरोखरच सुरेख झाल्या, मांडवात त्याने त्या सगळ्यांना दाखवल्या. चार दिवसांनी तो बीटवर गेला. संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने भिजलेला होता. त्याला दुखलेच नव्हते. आठ वर्षांची शुगर. पायाची जाणीव कधी गेली ते ना त्याला कळले, ना कोणी तपासले. पाय वाचला, पण महिनाभर सिक-लिस्टवर काढावा लागला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याने पार्लरच्या मुलीला एक शब्द लावला नाही. खाटेखालचे बूट दाखवले. त्याचे माप सात, बूट नऊचा. स्टोअरने सांगितले होते : सात संपले, दोन मोजे घाल.

सांगा, यात हितनिधीचा पैसा कुठे लागायला हवा होता? सात नंबरच्या बुटाला की सँडपेपरच्या टोपीला?

मधुमेह्याच्या पायाचा घट्टा साधा समजू नये. जाणीव गेलेल्या पायावर जाड घट्टा वाढला की तोच खड्यासारखा आत दाबतो आणि त्याखाली जखम होते. म्हणून तो काढायलाही हवा, पण तो वैद्यकीय शिक्षण असलेल्याने, पाय तपासून. शिबिरात रांग लावून, एकाचा पाय झाला की दुसऱ्याचा, असे नव्हे. आणि निळा दिवा लावलेल्या पेटीत बिट ठेवला म्हणजे तो निर्जंतुक झाला, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. आधी धुणे-घासणे आणि मग दाबाच्या वाफेचे यंत्र, त्याला दुसरा सोपा मार्ग नाही. सँडपेपरची टोपी तर एका माणसापुरतीच असते. शंभर पायांना शंभर टोप्या आणणार का, असे आम्ही बैठकीत विचारले. उत्तर आले नाही.

या देशाला हा धडा नवा नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांचे हातपाय पाहिले आणि दाखवून दिले की बोटे आपोआप झडत नाहीत. वेदना नाहीशी झाल्यामुळे माणूस न कळत स्वतःचे पाय झिजवतो. त्यावर उपाय काय निघाला? मऊ एमसीआर रबराची, पायाला बसणारी चप्पल. उपायाची सुरुवात पायाखालून झाली.

आता त्या मुलीविषयी, जिच्याबद्दल प्रस्तावात एक ओळही नव्हती. आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी अशाच पार्लरमध्ये काम करते. बुटक्या स्टुलावर वाकून, ग्राहकाची टाच तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर. दिवसाला आठ-दहा जोड्या. उडणारी भुकटी दुसऱ्यांच्या कातडीची आणि नखांची, त्यात बुरशीही असते. समोर धूळ ओढणारा पंखा आहे, पण त्याच्या आवाजाने ग्राहक वैतागतात म्हणून तो बंद. मास्क पातळ, तोही पदरचा. पाश्चात्त्य देशांत पायांवर उपचार करणाऱ्यांना नखांच्या धुळीमुळे नाक, डोळे आणि छातीचा त्रास होतो हे वैद्यकीय नियतकालिकांत १९८० च्या दशकापासून छापून आलेले आहे. आमची पोर मात्र 'थंडीचा खोकला' म्हणून गोळ्या खाते. तिला ना नेमणूकपत्र, ना रजा. दुकानात माणसेच पाच, त्यामुळे ईएसआयचे कार्डही नाही. एका कामगाराचा तळवा गुळगुळीत करायला दुसऱ्या कामगाराची छाती झिजवायची, आणि त्याला कामगार कल्याण म्हणायचे? ज्यांना हे कल्याण वाटते त्यांनी तासभर त्या स्टुलावर बसून पाहावे.

आमचा प्रतिप्रस्ताव लेखी दिला आहे. प्रत्येकाला स्वतःच्या मापाचा, रुंदीचाही विचार केलेला बूट. महिला ट्रॅक मेंटेनरना महिलांच्या पायाच्या साच्यावरचा, पुरुषांचा लहान नंबर नव्हे. पावसाळ्यात दुसरा जोड, कारण ओला बूट रात्रीत वाळत नाही. नियतकालिक तपासणीत डोळ्यांबरोबर पायही पाहावेत. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून जाणीव आहे की नाही ते दोन मिनिटांत कळते, आणि त्याला लाखाचे मशीन लागत नाही. ज्यांची जाणीव गेली आहे त्यांना पगार न कापता हलके काम. एवढे झाल्यावर ज्याला टाचा गुळगुळीत करायच्या आहेत त्याने खुशाल कराव्यात, पण पंखा चालू ठेवायला सांगावे.

हितनिधीची पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. भुसावळ असो, सिकंदराबाद असो की रतलाम, जिथे जिथे हे पान वाचले जाते तिथल्या शाखा सचिवांनी त्याआधी आपापल्या गँगमधील प्रत्येक पायाचे माप कागदावर बाह्यरेषा काढून घ्यावे, दोन्ही पायांचे वेगवेगळे, आणि सोबत स्टोअरने दिलेल्या बुटाचा नंबर लिहावा. माप सकाळी घेऊ नये. काम संपल्यावर, टूलबॉक्सजवळ घ्यावे. तेव्हा पाय सुजलेले असतात.