घाटाच्या राजाची बातमी

मुंबई-पुणे सायकल शर्यतीचा खरा कस खोपोलीच्या पुढे लागतो. सपाटीवर घोळक्याने आलेले सायकलपटू शिंग्रोबाच्या देवळाकडे जाणाऱ्या चढावर एकेक करून सुटे पडतात आणि हा चढ सगळ्यांत आधी संपवणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. शर्यत भरते त्या वर्षी खालापूर तालुक्यातली माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून ती पाहतात. संध्याकाळी टीव्हीवर तिची बातमी लागेल, अशी अपेक्षा मात्र त्यांनी केव्हाच सोडली आहे. चढावर कोणी कुठे जोर लावला, आघाडी कुठे तुटली, हे कोणी सांगत नाही. फार तर विजेत्याचं नाव पडद्याखालच्या पट्टीतून सरकून जातं.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा परिस्थिती आदर्श होती असं नाही. एकच वाहिनी होती, खेळाची बातमी शेवटी यायची आणि कर्जत-खालापूरच्या मैदानापर्यंत कॅमेरा तेव्हाही क्वचितच पोचायचा. पण जी बातमी यायची ती खेळाची असायची. त्यामागे वर्तमानपत्रांनी आणि आकाशवाणीने घडवलेली एक शिस्त होती. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनातून, ज्यांनी कधी स्टेडियम पाहिलं नव्हतं, त्यांनाही क्षेत्ररक्षण डोळ्यांसमोर दिसायचं. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये क्रीडापान उभं केलं आणि कबड्डी, खो-खोला क्रिकेटइतक्याच गांभीर्याने जागा दिली. सामना पाहून, आकडे तपासून, संघटकांना जाब विचारून लिहायचं, ही त्यांची रीत होती. मराठी क्रीडा पत्रकारितेचा पाया तो आहे.

हा पाया कधी खचला? माझ्या मते त्याची सुरुवात १९९३मध्ये झाली. हीरो चषकाच्या वेळी बंगाल क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले. दूरदर्शनचं म्हणणं उलट होतं, प्रक्षेपणासाठी संघटनेनेच त्यांना दर सामन्यामागे ५ लाख रुपये द्यावेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५च्या निकालाने सरकारी मक्तेदारी मोडली, आणि ते बरंच झालं. पण प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे, असंही त्याच निकालात म्हटलं होतं. त्या निकालाचा आधार घेऊन बाजार उभा राहिला. त्यातलं लोकहित मागेच राहिलं. २०२२मध्ये आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले.

एवढे पैसे मोजणारा आपली चित्रं दुसऱ्याला सहजासहजी का देईल? मराठी वृत्तवाहिन्या २००७-०८च्या सुमारास एकामागून एक आल्या, तोवर सामन्याची दृश्यं कुलूपबंद झाली होती. बातमीत ती किती सेकंद दाखवायची यावरून कोर्टकज्जे झाले. हातात खेळ नाही आणि चोवीस तास तर भरायचे आहेत. मग खेळाडूचं लग्न, त्याचं वादग्रस्त विधान, त्याच्या घराबाहेरची गर्दी आणि स्टुडिओत बसलेले चार जण, एवढंच उरलं. कर्जतला कॅमेरा पाठवण्यापेक्षा चर्चा स्वस्त पडते. दुसरीकडे, ज्याच्याकडे दृश्यं आहेत त्याने त्यांच्यात कोट्यवधी गुंतवले आहेत. खेळाच्या कारभारावर तो कठोर प्रश्न विचारणार नाही. ज्याने विचारायचे त्याच्याकडे चित्र नाही, आणि ज्याच्याकडे चित्र आहे तो विचारत नाही. काही बातमीदार आजही जिवापाड काम करतात. त्यांच्यासाठी ही कोंडी आणखी दुःखाची आहे.

२ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. ती लाथ पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरली. पण त्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने त्याच्यावर मारलेला डाव कोणता होता, राक्षेचे दोन्ही खांदे मॅटला टेकले होते का, पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची रीत काय, हे कळायला हवं होतं. पुढच्याच महिन्यात त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, आपल्या रायगडमधल्या कर्जतच्या नावबंधू कर्जतला आणखी एक महाराष्ट्र केसरी झाली. एका राज्यात एकाच वर्षी दोन गदा का, कुस्ती संघटनांच्या भांडणाची मुळं कुठे आहेत, ही खरी बातमी होती.

नेमबाज स्वप्नील कुसाळेचंही तेच. १ ऑगस्ट २०२४ला त्याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं आणि त्याच्या गावी कांबळवाडीत कॅमेऱ्यांची रीघ लागली. आईवडिलांचा आनंद दाखवावाच. पण गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून अशा तीन तऱ्हांनी नेम धरायचा असतो, पहिल्या टप्प्यानंतर तो सहावा होता आणि उभ्याने मारलेल्या गोळ्यांनी त्याला तिसऱ्या जागेवर नेलं, हे समजलं तरच त्या कांस्याचं मोल कळतं. नेरळच्या शाळेतल्या एखाद्या मुलीला रायफल हातात घ्यावीशी वाटेल ती अशी गोष्ट समजल्यावर. जानेवारी २०२५मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. या खेळावर मराठी वाहिन्यांनी महिनाभर बोलायला हवं होतं.

प्रेक्षकांनाच हे नको आहे, असं वाहिन्या सांगतात. मला ते पटत नाही. २०१४मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हा तीस सेकंदांची चढाई, बोनस रेषा, सुपर टॅकल हे सगळं पडद्यावर समजावून सांगितलं गेलं आणि ज्यांनी मातीतली कबड्डी कधी पाहिली नव्हती तीही घरं खिळून बसली. समजावून दिलं की लोक पाहतात. रायगडमध्ये तर समजावायचीही गरज नाही. मंडळांचे प्रकाशझोतातले सामने, रात्री उशिरापर्यंत हलत नाही अशी गर्दी आणि चुकलेल्या पकडीवर म्हाताऱ्यांचं भाष्य हे इथलं नेहमीचं आहे.

आज त्याच मंडळांची पोरं मोबाइल आणि तिपाई घेऊन कबड्डीचे आणि टेनिस क्रिकेटचे सामने यूट्यूबवर थेट दाखवतात. धावफलक असतो, आपल्या बोलीतलं समालोचन असतं, आणि कामासाठी मुंबईत राहणारा भाऊ लोकलमधून सामना पाहतो. त्यांचं मनापासून कौतुक आहे. पण दाखवणं आणि बातमी देणं ही दोन वेगळी कामं आहेत. मातीवर वाढलेल्या मुलांना मॅटवर सराव कुठे मिळतो, जिल्हा निवड चाचणीत कोणाला डावललं, स्पर्धेचे पैसे कुठून आले, जखमी झालेल्या चढाईपटूच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणी केला, हे थेट प्रक्षेपणात येत नाही. आयोजकाच्या खर्चाने चालणाऱ्या प्रक्षेपणात तर येऊच शकत नाही. अलिबागच्या ‘कृषीवल’सारखी जिल्ह्याची दैनिकं निकाल छापतात, म्हणून निदान नोंद राहते.

दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी अजून लोकांच्या पैशावर चालते. तिने रोज दहा मिनिटं जिल्ह्यांच्या खेळांना द्यावीत, तालुक्यातल्या या पोरांकडून चित्रण विकत घ्यावं, त्यांना मानधन द्यावं आणि त्यावर काम करणारा, खेळ जाणणारा एक संपादक नेमावा. खासगी वाहिन्यांनी निदान आठवड्यातून एकदा स्टुडिओतली चर्चा बंद ठेवून एक बातमीदार मैदानावर पाठवावा. पुढच्या वेळी शर्यत खोपोलीहून घाटाला लागेल तेव्हा त्याने चढावर उभं राहावं, आणि संध्याकाळच्या बातम्यांत आघाडी कोणत्या वळणावर तुटली ते सांगावं.