एकच गवत, दोन आजार आणि मेडिकलवरची तीच ती गोळी

पाऊस ओसरायला लागला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम वाढतात. रस्त्याकडेचं गाजर गवत, आणि मेडिकलसमोर ‘शिंकांवर काहीतरी द्या हो’ म्हणणाऱ्यांची गर्दी. नगरपरिषद गवताकडे बघत नाही, आपण शिंकांकडे बघत नाही. ‘अ‍ॅलर्जीच आहे, त्यानं काय होतंय’ म्हणत सगळं अंगावर काढायचं.

मंडळी, होतंय बरंच काही. आणि त्यातलं निम्मं चुकीच्या उपचारानं होतंय.

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात ते ठळकपणे नजरेत आलं ते आपल्या पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास. परदेशी धान्यातून त्याचं बी आलं असं मानलं जातं. पुढे ते देशभर पसरलं. लोकांना माहीत नाही ते एवढंच, की हे एकच झाड माणसाला दोन वेगळ्या वाटांनी आजारी पाडतं.

पहिली वाट नाकाची. गवताचे परागकण श्वासातून आत जातात. काहींचं शरीर त्यांना शत्रू समजतं आणि ‘आयजीई’ नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं. मुळात ही प्रतिद्रव्यं जंतांसारख्या परजीवींशी लढायला उपयोगी पडणारी, पण इथे ती निरुपद्रवी परागकणांवर तुटून पडतात. ती ‘मास्ट’ पेशींवर जाऊन बसतात आणि वाट बघतात. पहिल्या वेळी काहीच जाणवत नाही. नंतर पुन्हा पराग आले की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन बाहेर टाकतात. मग शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं, कुणाला दमा. हे सगळं काही मिनिटांत.

दुसरी वाट कातडीची. गवतातलं पार्थेनिन हे रसायन वाळलेल्या कणांबरोबर हवेतून अंगावर बसतं. इथे आयजीईचं काम नाही, ‘टी’ पेशी चिडतात. पुरळ उठतं ते एक-दोन दिवसांनी. पापण्या, मान, कोपराची खळगी. शेतात राबणाऱ्यांची कातडी वर्षानुवर्षं काळी, जाड होत जाते.

आता बघा. शिंकेची गोळी हिस्टामिन अडवते. म्हणजे पहिल्या आजारात तिचा उपयोग आहे. दुसऱ्यात मूळ आजारावर तिचा फारसा परिणामच नाही. तरी दोघांच्या हातात तीच पुडी पडते. गुण आला नाही की स्टेरॉइडची गोळी किंवा सुई. दोन दिवसांत माणूस खूश, ‘डॉक्टरच्या हाताला गुण आहे’. पण हे दर हंगामाला होत गेलं की तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि गंमत म्हणजे हीच माणसं दम्याचा पंप घ्यायला घाबरतात, ‘सवय लागते’ म्हणून! पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं. गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, सगळ्या अंगात.

निदानाच्या चाचण्याही वेगळ्या. शिंका-दम्याला कातडीवर टोचून करायची प्रिक टेस्ट, निकाल पंधरा-वीस मिनिटांत. पुरळाला पाठीवर ४८ तास चिकटवायची पॅच टेस्ट. उपचारही पुढे गेलेत. ज्याची अ‍ॅलर्जी आहे तेच थोडंथोडं देऊन शरीराला सरावायला लावायची पद्धत लिओनार्ड नून यांनी लंडनमध्ये १९११ साली मांडली, ती सुधारून आजही वापरतात. तीन ते पाच वर्षं लागतात, पण ती नुसती लक्षणं दाबत नाही, शरीराचा स्वभाव बदलायचा प्रयत्न करते. आयजीईलाच पकडणारं ओमालिझुमॅब अमेरिकेत २००३ मध्ये मान्य झालं. आपल्याकडेही मिळतं, पण सामान्याच्या खिशाबाहेर. गाजर गवताच्या पुरळावर दिल्लीच्या एम्समधल्या त्वचातज्ज्ञांनी अ‍ॅझाथायोप्रिन वापरून स्टेरॉइड कमी करता येतं हे दाखवलं. जुनं औषध आहे, पण रक्ततपासण्या करत, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

म्हणजे विज्ञान पोहोचलंय. तालुक्याला पोहोचलेलं नाही. नवी महागडी औषधं उद्याच गावात आणा असं मी म्हणत नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी अ‍ॅलर्जीची ओपीडी असावी, दोन्ही चाचण्यांसह.

२. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनानं कारवाई करावी. नुसती नोटीस नको.

३. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅड्रेनालिन हाताशी असावं. मधमाशी, औषध किंवा खाण्यानं घसा सुजून श्वास अडकतो तेव्हा जीव वाचवणारं पहिलं औषध तेच. ते स्वस्त आहे, मुदत संपलेलं मात्र नको.

४. गवत फुलायच्या आत उपटावं. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागरूकता सप्ताह असतो. त्यात फोटो काढण्याऐवजी रस्ते साफ करा. आणि सफाई कामगारांना हातमोजे, मास्क द्या, नाहीतर पहिला बळी त्यांचाच.

यातलं एकही काम निधीवाचून अडण्यासारखं मला वाटत नाही. अडतं ते ‘अ‍ॅलर्जीच तर आहे’ या वाक्यापाशी.

तुमच्या वॉर्डात गवत कुठे माजलंय ते खाली कमेंटमध्ये लिहा. यादी करून मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं तीच पुडी खात असेल, तर आधी त्याला तज्ज्ञाकडे न्या.