आधी बटण तपासा, मग पोराला बोल लावा

संगणकावर रिमोटचे विमान उडवण्याचा सराव हा नुसता पोरखेळ नव्हे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे दहावी पास झालेला, १८ वर्षे पूर्ण केलेला मुलगा किंवा मुलगी मान्यताप्राप्त संस्थेत शिकून रिमोट पायलटचे प्रमाणपत्र मिळवू शकते. त्या शिक्षणातही संगणकावरचा सराव असतोच. शिवाय खरे विमान आपटले तर घरच्या पगाराला खड्डा पडतो. पडद्यावरचे आपटले तर एक बटण दाबून पुन्हा उडवता येते.

तरीही काही मुले लवकर हात टेकतात. त्यांचे गाऱ्हाणे एकच, "काका, नवशिक्यांच्या मोडवर ठेवले तरी विमान पडते. आम्हाला नाही जमायचे." घरचेही म्हणतात, "हे आपले काम नव्हे." आमचे म्हणणे असे की, हा निकाल देण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो पोराच्या डोक्यात नसतो.

प्रथम मोड म्हणजे काय ते समजून घेऊ. 'रिअलफ्लाइट' या प्रोग्रॅममध्ये 'अप्रेंटिस' नावाचे शिकाऊ विमान आहे. त्यात 'सेफ' ही सोय असून तिचे तीन मोड आहेत. नवशिक्यांच्या मोडमध्ये विमान ठरावीक मर्यादेपलीकडे कलत नाही आणि स्टिक सोडली की आपोआप सरळ होते. मधल्या मोडमध्ये ते जास्त कलते, पण आपोआप सरळ होत नाही. तिसऱ्यात कसलीच मर्यादा नाही. मोड बदलण्याचे बटण रिमोटवर असते.

आता तपासणी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

१) निवडलेल्या विमानात ही सोय आहे का ते पाहा. प्रोग्रॅममध्ये विमाने पुष्कळ असतात, सगळ्यांत ही सोय नसते.

२) रिमोटची पट्टी दाखवणारा पडदा उघडा आणि मोडचे बटण हलवा. हे बहुधा पाचवे चॅनेल असते. पट्टी जागची हलली नाही, तर बिघाड रिमोटमध्ये किंवा जोडणीत आहे. पट्टी हलते पण मोड बदलत नाही, तर प्रोग्रॅममध्ये ते चॅनेल मोडच्या कामाला लावलेले नाही. बटण दोनच ठिकाणी थांबणारे असेल, तर तीन मोड मिळणार कसे?

३) 'नवशिका' म्हणून निवडल्यावर विमान एकदम मोकाट सुटते का? मग चॅनेल उलटे लागले आहे. ते फिरवून घ्या.

४) स्टिक सोडूनही विमान एका बाजूला झुकते का? ट्रिम मध्यावर आणा आणि कॅलिब्रेशन नव्याने करा. आधी स्टिक मध्यावर, मग चारी टोकांपर्यंत फिरवून पुन्हा मध्यावर. प्रोग्रॅममधला वारा शून्यावर आणायलाही विसरू नका.

एवढे करूनही विमान पडत असेल, तर मोडकडून आपण भलतीच अपेक्षा धरली आहे. मोड विमान सरळ धरतो, पण वेग देत नाही. थ्रॉटल कमी केला की विमान खाली येणारच. वळणातही उंची घटते. तिथे स्टिक किंचित मागे ओढावी लागते.

सर्वांत जास्त फसगत होते ती विमान आपल्याकडे तोंड करून येताना. तेव्हा डावे-उजवे उलटते, आणि कोणताही मोड ते सुलटे करून देत नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला स्टिक न्यावी. विमान सरळ होते. रोज पंधरा मिनिटे एवढेच केले तरी हाताला वळण लागते.

आईबापांना एक विनंती. नवशिक्यांचा मोड हा पांगुळगाडा आहे. तो लवकर काढून घेऊ नका आणि जन्मभर ठेवूही नका. या मोडवर सलग दहा वेळा विमान नीट उतरवले, की मधल्या मोडवर जाऊ द्या. तिथे पडझड वाढेल. तेव्हा चिडू नका, "कशामुळे पडले?" एवढेच विचारा आणि उत्तर वहीत लिहायला लावा. आठवडाभराने ती वही मुलांसोबत बसून वाचा. एकच कारण पुन्हा पुन्हा दिसले, तर पुढच्या आठवड्यात सराव त्याचाच.