पाणी न लागलेली विहीर

विहीर खणली आणि पाणीच लागलं नाही, तर आपण काय म्हणू? ‘अरेरे, सगळी मेहनत वाया गेली!’ पण अशीच एक विहीर जगप्रसिद्ध झाली आहे बरं का!

ती आहे सैबेरियात, लेना नदीकाठच्या याकुत्स्क शहरात. हे शहर १६३२ सालापासूनचं. इथे जानेवारीत पारा उणे ४० अंशांपर्यंत सहज उतरतो. १८२८ साली फ्योदोर शेर्गिन नावाच्या एका व्यापारी कंपनीच्या कारभाऱ्याने तिथे विहीर खणायला घेतली. जमीन दगडासारखी गोठलेली. तरी काम १८३७पर्यंत चाललं. खोली झाली ११६ मीटर, म्हणजे जवळजवळ ३८ मजले! पाणी मात्र लागलं नाही, कारण तिथेही जमीन गोठलेलीच होती. पुढे मिडनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्या विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं आणि या कायम गोठलेल्या जमिनीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला.

अशा गावात माणसं राहायची कशी? याकुत्स्कमध्ये १८९१ साली स्थापन झालेलं एक मोठं संग्रहालय आहे. तिथल्या साखा लोकांचं रोजचं जगणं त्यात जपलं आहे. घोडीच्या दुधाचं आंबवलेलं पेय पिण्यासाठी त्यांचा कोरीव लाकडी पेला असे, त्याचं नाव ‘चोरोन’. त्यांची जुनी घरं ओंडक्यांची. भिंतींना बाहेरून माती आणि शेणाचा जाड लेप. आपल्याकडे आजी अंगण सारवायची, आठवलं ना? पण इथे तो लेप घरातली ऊब राखायचा. आणि हिवाळ्यात खिडकीला काचेऐवजी चक्क बर्फाची लादी!

आता तिथे उंच इमारती आहेत, पण त्याही खांबांवर उभ्या. घराची ऊब जमिनीला लागली, तर आतला बर्फ वितळून घर खचेल. म्हणून खालून गार वारा खेळता ठेवतात. आता मात्र हवामानच तापत चाललंय. जमीन सैल होते, भिंतींना तडे जातात. ती जमीन किती आणि कुठे वितळते आहे, हे तिथले शास्त्रज्ञ सतत मोजत असतात. त्या मोजमापाची सुरुवात झाली ती शेर्गिनच्या ‘फसलेल्या’ विहिरीतून!

आता तुमचं काम. घरातली एखादी जुनी वस्तू शोधा. ती अशीच का बनवली, हे आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. झालं की नाही तुमचं छोटंसं संग्रहालय?