कार्ड पुढच्या सुगीला

मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करते; इकडे पौडला मात्र ताम्हिणीवर ढग दाटले की दिवा डोळे मिचकावतो. खेळांसाठी पहिला संगणक जुळवणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे.

आमच्या भाच्याने घेतले नव्हते. आंबेमोहोर विकून बहिणीने बाजूला काढलेले ५०,००० रुपये, आणि पठ्ठ्याच्या यादीत नुसते ग्राफिक्स कार्डच ३०,००० चे!

"मामा, खेळ कार्डावर चालतो."

"आणि कार्ड?"

विजेवर. म्हणून मी पहिले बोट ठेवले चांगल्या पॉवर सप्लायवर, पुढे कार्ड आले तरी पुरेल अशा. स्वस्तातला बेनावाचा जळताना मदरबोर्डालाही सोबत नेऊ शकतो. (रंगीत दिव्यांचे कॅबिनेट खोडले. दिवाळीला आकाशकंदील आहेच की!)

मग रायझन ५ ५६००जी. चित्रांची सोय प्रोसेसरच्याच पोटात. त्याला मेमरी मात्र जोडीने द्यावी: ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. १६ ची एकच लावली तर खेळ रेंगाळतो, कारण चित्रेही त्याच वाटेने ये-जा करतात.

भाचा दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी दुकानात त्याने तीनदा विचारले, "मदरबोर्डावर कार्डाची खाच मोकळी आहे ना?"