तिकडचे 'लातूर' आणि आपला वजनकाटा



ऊस खात्यातल्या माणसाने दारूवर लिहावे, हे काही जणांना खटकेल. पण विषय पिण्याचा नाही, शेतीचा आहे.

फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या काठी, पोयाक गावाजवळ 'शातो लातूर' नावाचा द्राक्षमळा आहे. आपल्या लातूरशी त्याचा काही संबंध नाही. फ्रेंच भाषेत 'तूर' म्हणजे बुरूज. मूळ बुरूज केव्हाच गेला. आज उभा दिसतो तो १७ व्या शतकातला कबुतरखाना! १८५५ साली तिकडच्या वाइनची प्रतवारी लागली, तेव्हा लातूर पहिल्या वर्गात बसली, ती अजून तिथेच आहे.

जमीन म्हणाल तर आपण माळ म्हणून नाक मुरडावे अशी. वर गोटे, खाली चिकणमाती. पाणी वर साचत नाही, मुळ्या खोल जातात. शेजारच्या खाडीमुळे थंडीचा कडाका कमी लागतो. वेल मुख्यतः काबर्ने सोव्हिन्यो जातीची, खुंटावर कलम केलेली. आपले बागायतदार डॉगरिजवर करतात तशीच.

खरी गोष्ट निवडीची. वाड्याभोवतालचा जुना मळा सुमारे ४७ हेक्टर, म्हणजे ११६ एकर. पहिल्या प्रतीची वाइन फक्त याच मळ्यातल्या जुन्या वेलींची. वेल मेली की तिथेच नवी लावतात, पण कोवळ्या वेलीची द्राक्षे निराळी खुडतात. उरलेल्यातून 'ले फोर द लातूर' ही दुसरी वाइन, १९६६ च्या पिकापासून. आणि तिसरी गावाच्या नावाने. घरचाच माल, पण मालक त्याच्या तीन प्रती करतो.

१९६१ साली मे अखेरच्या थंडीने बोर्दोत बहर मारला गेला, पीक फार थोडे आले. उरले ते असे पिकले की त्या सालची बाटली दर्दी लोक आजही शोधत फिरतात. नुसते टनेज बघणाऱ्याने ते साल बुडीत खाती टाकले असते.

नवी लातूर फार तुरट. २०-२० वर्षे तळघरात पडल्यावर नरम होते. बोर्दोची रीत अशी की माल पिंपात असतानाच सौदा करायचा. २०१२ साली लातूरने ती मोडली. आता माल तयार वाटेल तेव्हाच विकतात. याचे काही जणांनी मोठे कौतुक केले. मला तेवढे वाटत नाही. १९९३ पासून मळा फ्रान्स्वा पिनो या अतिश्रीमंत उद्योगपतीकडे आहे. त्यांना थांबणं परवडतं. पहिल्या उचलीवर पोरीचं लग्न ठरवणाऱ्याला 'थांब' काय सांगणार? आणि तोडलेला ऊस तर तासागणिक उतरतो.

पण निवड करायला पिनोसाहेबांची तिजोरी लागत नाही. आपल्याकडे पक्व ऊस आणि पाचट-वाढ्यासकट आलेला कोवळा ऊस एकाच काट्यावर, एकाच दराने. दर ठरतो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. म्हणजे चांगल्याची साखर वाइटाच्या खात्यावर जमा. प्रत्येक नोंदीच्या प्लॉटचे ब्रिक्स घ्यावे आणि त्याप्रमाणेच तोड द्यावी, ओळखीप्रमाणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. टोळ्या येण्याआधी यावर वाद झालेला बरा. ज्यांना पटत नसेल त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे.